भोक नसलेली कुंडी

गेल्या दिवाळीत नणंदेकडे फराळाला जमलो होतो. तिथे कुणीतरी हसत हसत म्हणालं, "काकूंनी अमेरिकेत जंगल लावलं म्हणे!" सगळे हसले. मीही हसले. हसण्यासारखंच आहे ते. पण घरी आल्यावर वाटलं, ही हकीकत नातेवाइकांत तुकड्यातुकड्यानं पसरली आहे आणि प्रत्येक तुकड्यात मी जरा जास्तच विनोदी होत चालले आहे. तेव्हा एकदा नीट लिहून काढावी. नाहीतरी इथे लिहून बरेच दिवस झाले.

माझी लेक पिट्सबर्गला राहते. गाव डोंगरउताराचं, माती चिकण. आपल्याकडच्या काळ्या मातीसारखी ती उन्हाळ्यात भेगाळत नाही, पण पाणी मात्र तशीच धरून ठेवते. तिच्या मागच्या अंगणात डाव्या हाताला एक सखल कोपरा आहे. छपरावरचं सगळं पाणी पन्हळीतून उतरून तिथेच जातं, वरच्या घराच्या उताराचंही तिथेच येतं. तिकडे आपल्यासारखा चार महिन्यांचा पावसाळा नसतो, बारा महिने अधूनमधून पाऊस असतो. त्यामुळे तो कोपरा कधी वाळतच नसे. गवत कुजायचं, गवत कापायच्या यंत्राचं चाक रुतायचं, संध्याकाळी डास. जावयांनी जमिनीखालून नळ घालून पाणी काढण्याचा खर्च विचारला होता. तो ऐकून दोघं गप्प बसली होती.

मी २०१८ च्या एप्रिलमध्ये तिकडे गेले. 'हे' जाऊन चार वर्षं झाली होती. लेकीनं त्या कोपऱ्याबद्दल ठरवलं होतं की पाण्याशी भांडायचं नाही, पाणी आवडणारी झाडं लावायची, आणि तीही तिथलीच, मूळ त्या मातीतली. तिकडे याचं बरंच चाललेलं असतं. बाहेरच्या देशांतून हौसेनं आणलेली झाडं माजतात आणि इथल्यांना मारतात, म्हणून इथलीच लावा, असं. मला ते पटलं. आपल्याकडे घाणेरीनं काय केलं ते आपण बघतोच आहोत.

मे महिन्यात, थंडीचा धोका संपल्यावर, आम्ही रोपवाटिकेत गेलो. फक्त देशी झाडं विकणारी होती ती. लेक आणि तो विक्रेता बोलत होते आणि मी आपली इकडेतिकडे बघत होते. एका पाणी भरलेल्या घमेल्यात पाच-सहा कुंड्या ठेवल्या होत्या आणि त्यांत नुसत्या हिरव्या काड्या उभ्या होत्या. पानं नाहीत, फांद्या नाहीत, फूल नाही. कमरेएवढ्या सरळसोट काड्या, पेन्सिलीच्या जाडीच्या, उसासारखी पेरं आणि प्रत्येक पेरावर काळा-करडा पट्टा, जणू कुणी काजळानं कडी काढली आहे. मी सहज एका काडीवरून अंगठा फिरवला. आणि अंगठा थांबला.

आता थोडं मागे जावं लागेल.

हे कामठीजवळच्या कोळशाच्या खाणीत ओव्हरमन होते. खाण भूमिगत. मी जवळच्या शाळेत मराठी आणि इतिहास शिकवत होते. बी. ए. मराठी माध्यमातून झालेलं, विज्ञानाशी संबंध मॅट्रिकनंतर संपलेला. लग्नानंतर दोनेक वर्षांनी ह्यांनी एकदा डब्याच्या पिशवीतून एक दगड आणला. वीतभर लांब, करडा, चपटा. त्यावर लांबीच्या दिशेनं बारीक रेषा, अगदी कंगव्यानं ओढल्यासारख्या, आणि मध्ये एक आडवी खाच, पेरासारखी. मला म्हणाले, "हे झाड आहे." मी म्हटलं, "हा दगड आहे." ते म्हणाले, "खाणीच्या छताला दिसतात अशी. दिव्याच्या उजेडात पाहिलं की रान उलटं टांगल्यासारखं वाटतं." मी बहुतेक वह्या तपासत होते. 'बरं' म्हटलं असणार.

तो दगड तीसेक वर्षं आमच्या क्वार्टरच्या पुढच्या दाराशी होता. उन्हाळ्यातल्या वावटळीत दार आपटू नये म्हणून लावायला. रोज सकाळी फरशी पुसताना मी तो उचलायची आणि परत ठेवायची. त्या रेषा माझ्या अंगठ्याच्या ओळखीच्या होत्या. विचार करून नाही, हाताला.

रोपवाटिकेत अंगठा थांबला तो म्हणून. तीच रेघ, तेच पेर. फक्त हे हिरवं होतं आणि थंडगार.

लेकीला म्हटलं, "हे घेऊ या." तिला कारण सांगितलं नाही. खरं तर त्या वेळी मलाच नीट कळलं नव्हतं.

झाडाचं नाव हॉर्सटेल, म्हणजे घोड्याची शेपटी. शास्त्रीय नाव इक्विसेटम हायमेल, आणि लॅटिनमध्येही 'घोडा' आणि 'राठ केस' हेच दोन शब्द त्यात आहेत. आमच्यावाल्या जातीला हे नाव मुळीच शोभत नाही, ती शेपटीसारखी कुठूनच दिसत नाही. तिच्या दुसऱ्या एका बहिणीला पेरापेरातून बारीक फांद्यांचे झुबके फुटतात, तिच्यामुळे सगळ्या घराण्याला हे नाव पडलं. गंमत म्हणजे घोड्यांना हा चारा चालत नाही. गवतातून फार पोटात गेला तर त्यांचं ब-१ जीवनसत्त्व नष्ट होतं आणि घोडा लडखडायला लागतो. नाव घोड्याचं आणि घोड्यालाच वर्ज्य!

आठ वर्षांच्या नातवानं घरी आल्याबरोबर शाळेच्या वाचनालयातलं पुस्तक काढलं. त्यांच्या राज्यात कोळसा भरपूर, इतका की भूगर्भशास्त्रात एका काळालाच 'पेनसिल्व्हेनियन' नाव आहे, साधारण तीस-बत्तीस कोटी वर्षांपूर्वीचा. तेव्हा दलदलीच्या रानांत याच घराण्यातली 'कॅलॅमाइटिस' नावाची झाडं साठ-सत्तर फूट वाढायची. ती चिखलात पडली, दबली, आणि इतर झाडांबरोबर त्यांचाही कोळसा झाला. पुस्तकात एका दगडाचं चित्र होतं. उभ्या रेषा, आडवं पेर.

"आजी, तू रडतेस?" नातवानं विचारलं. मी म्हटलं, "कांदा चिरला ना मघाशी." कांदा चिरला नव्हता.

तो दगड आता माझ्याकडे नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेल. २००६ मध्ये हे निवृत्त झाले, क्वार्टर सोडलं, नागपूरला यायला ट्रक भरला. शेवटी दाराशी दगड राहिला. ह्यांनी तो उचलून हातात घेतला होता. मी म्हटलं, "अहो, दगड कशाला न्यायचाय? नागपुरात दगड नाहीत?" ते काही बोलले नाहीत. खाली ठेवला आणि ट्रकमध्ये जाऊन बसले.

असो. झाडाकडे येते.

रोपवाटिकेतल्या त्या माणसानं लेकीला बजावून सांगितलं होतं की हे झाड उघड्या जमिनीत लावू नका. मोठा टब घ्या, त्याला तळाला भोक नको, तो जमिनीत पुरा, काठ दोन-तीन इंच वर राहू द्या, आणि त्यात लावा. झाड तिथलंच असलं, देशी असलं, तरी घरच्या बागेत ते आवरत नाही. लेकीनं मला ते मराठीत समजावून सांगितलं आणि त्याप्रमाणे काळा टब विकत घेतला.

भोक नसलेल्या कुंडीत झाड! मला ते काही केल्या पटेना. आमच्या पिढीनं डालड्याच्या डब्यात तुळस लावली. डबा रिकामा झाला की पहिलं काम म्हणजे खिळा आणि हातोडी घेऊन त्याला तळाला भोकं पाडायची. भोक नसेल तर पाणी साचतं, मुळं कुजतात, हे मी वर्षानुवर्षं मुलांना शाळेच्या बागेत शिकवलं. आणि इथे कुणी तरुण पोरगा सांगतो की भोक नको. शिवाय मनात आणखी एक होतं. कोट्यवधी वर्षं जे रानावनात राहिलं, त्याला प्लॅस्टिकच्या बादलीत कोंडायचं?

एके दिवशी लेक आणि जावई ऑफिसला, नातू शाळेत. मी फावडं घेतलं आणि त्या ओल्या कोपऱ्यात तीन खड्डे केले. माती लोण्यासारखी होती, मेहनत पडली नाही. तीन कुंड्यांतली तीन झाडं सरळ जमिनीत लावली आणि टब गराजमध्ये नेऊन त्यात नातवाचे चेंडू भरून ठेवले.

संध्याकाळी लेक बाहेर आली, पाहिलं. "आई, टब?"

"राहू दे गं. मोकळा श्वास घेऊ दे त्याला."

ती क्षणभर माझ्याकडे बघत राहिली आणि आत गेली. मी तिची आई, त्यात तिची वर्गशिक्षिकाही होते दोन वर्षं. पाचवी आणि सहावी. तिनं कधी माझ्याशी वाद घातलेला नाही.

आणि काय सांगू, झाड लागलं! २०१८ हे पिट्सबर्गच्या नोंदींतलं सर्वांत जास्त पावसाचं वर्ष ठरलं. सगळ्यांची तळघरं गळत होती आणि आमचं घोडशेपूट (हे माझंच नाव) पाण्यात पाय सोडून मजेत उभं होतं. दोन-चार इंच साचलेलं पाणी त्याला अंघोळीसारखं. कोपऱ्यातला कुजका वास गेला, चिखल गवताखाली झाकावा तसा काड्यांखाली झाकला गेला. मी ऑक्टोबरात परतले तेव्हा तिनाच्या तीसेक काड्या होत्या. जानेवारीत लेकीनं फोटो पाठवला. चहूकडे बर्फ, सगळी झाडं खराट्यासारखी आणि मध्ये या हिरव्यागार काड्या. 'हायमेल' म्हणजे हिवाळ्यातलं. ते नाव मात्र बरोबर आहे.

मुक्कामात एक प्रयोगही केला होता, तो सांगायला हवा. या काड्या हाताला राठ लागतात, कारण त्यांच्या सालीत सिलिका असते. वाळू म्हणा ना. तिकडे आलेले सुरुवातीचे वसाहतवाले याच काड्यांची जुडी करून भांडी घासत. जपानात लाकूड गुळगुळीत करायला वापरतात. सनईसारख्या पाश्चात्त्य वाद्यांच्या जिव्हाळ्या तासून पातळ करायला वादक अजूनही वापरतात. मग काय, एकदा माझ्या हातून दूध करपलं तेव्हा मी चार काड्या मोडून आणल्या आणि पातेलं घासलं. राख आणि नारळाच्या शेंडीइतकंच लख्ख निघालं! त्या उत्साहात देवातलं तांब्याचं तामणही घासलं, आणि त्यावर बारीक ओरखडे उठले ते अजून आहेत. तांब्याला आपली चिंचच बरी.

पुढच्या वर्षी माझ्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली, त्यानंतर करोना आला. त्यामुळे पुन्हा गेले ते एकदम २०२२ च्या मे महिन्यात. अधूनमधून फोनवर विचारत असे, "झाड कसं आहे?" लेक म्हणे, "छान आहे, वाढतंय." मला बरं वाटे.

पोचल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी मागचं दार उघडलं. कोपरा दिसत नव्हता. कोपऱ्याच्या जागी भिंत होती. हिरव्या काड्यांची दाट भिंत, पंधरा-वीस फूट लांब. हिरवळीत ठिकठिकाणी काड्या. गाडी उभी करायच्या डांबरी जागेला भेग होती, तिच्यातून काड्या. आणि लाकडी कुंपणाच्या खालून, पलीकडे.

पलीकडे एक आजीबाई एकट्या राहतात. तेव्हा त्यांचं वय ८१. नवरा पोलादाच्या कारखान्यात होता, तोही गेलेला. कुंपणालगत त्यांचा टोमॅटोचा वाफा आणि शेजारी सासूबाईंच्या हातचं, म्हणजे त्यांच्या सासूनं लावलेलं, पिओनीचं झाड. पिओनी म्हणजे आपल्या मोठ्या गुलाबासारखं फूल येणारी, पन्नास-पन्नास वर्षं एका जागी राहणारी वनस्पती. मी आल्याचं कळल्यावर त्या भेटायला आल्या. हातात केक होता आणि दुसऱ्या हातात एक हिरवी काडी. केक मला दिला. काडी टेबलावर ठेवली. म्हणाल्या, "तुमच्या मुलीनं पुष्कळ मदत केली आहे. दोन वर्षं ती उपटते आहे, मीही उपटते आहे. पण आता मला खाली वाकवत नाही." आवाज चढला नाही, चेहरा पडला नाही. नुसतं सांगितलं.

मी लेकीकडे पाहिलं. दोन वर्षं!

त्या गेल्यावर विचारलं, "मला सांगितलं का नाहीस?"

"काय सांगणार होते आई? तू इतकी खूश असायचीस फोनवर. आणि..." ती थांबली.

"आणि काय?"

"आणि तुला सांगून तू ऐकतेस का?"

मंडळी, पस्तीस वर्षांच्या नोकरीत मला मुख्याध्यापकही असं बोलले नव्हते. राग आला. रात्री झोप लागली नाही. एक तर तिकडचं आणि आपलं घड्याळ उलटं, त्यात हे. पहाटे तीन वाजता स्वयंपाकघरात चहा करून बसले. खिडकीतून ती भिंत दिसत होती आणि डोळ्यांपुढे ट्रक येत होता. हे दगड खाली ठेवतात. काही बोलत नाहीत. तेही मला कधी फारसं काही बोलले नाहीत. मी समजायची, आमचं पटतं.

सकाळी गराजमधून टब काढला. चेंडू ओतले आणि लेकीला म्हटलं, "कुठून सुरुवात करायची ते तू सांग."

पुढचे तीन शनिवार-रविवार आम्ही खणत होतो. लेक, जावई, बारा वर्षांचा नातू आणि मी. मला खाली बसता येत नाही, म्हणून मी स्टुलावर बसून चाळणी करत होते. खणलेली माती हातानं फोडायची आणि त्यातले काळे धागे वेचायचे. ते धागे म्हणजे या झाडाचं जमिनीखालचं आडवं खोड. आपल्या हरळीची थोरली बहीण समजा. दोन-अडीच फूट खाली गेलो तरी होतेच. काळे, पेरापेराचे, आणि एक पेर राहिलं तरी पुढच्या वर्षी त्यातून काडी. उपटली की तुटते आणि तुटली की दोन होतात, म्हणूनच दोन वर्षं उपटून काही उपयोग झाला नव्हता. तणनाशकाचा विचारही झाला, पण याला पाहिजे तशी पानं नाहीत आणि साल काचेसारखी, औषध आत शिरत नाही. त्यात शेजारी टोमॅटो. आजीबाईंनी आधीच सांगितलं होतं, विष नको. वेचलेलं सगळं काळ्या पिशव्यांत बांधून कचऱ्यात दिलं. खताच्या ढिगावर टाकायचं नाही, तिथे ते आनंदानं रुजतं.

पिओनी मात्र अवघड होती. तिच्या जाड मुळांत हे धागे विणले गेले होते. आजीबाई खुर्ची टाकून बसल्या होत्या. त्यांनीच शेवटी म्हटलं की सगळी काढा. पिओनी खणून काढायची वेळ शरद ऋतूतली, मे महिना नव्हे. पण थांबलो असतो तर धागे आणखी आत गेले असते. नळाखाली मुळं धुतली आणि दाढी करावी तितक्या काळजीनं लेकीनं एकेक धागा सोडवला. माझे हात थरथरतात म्हणून मी बॅटरी धरली होती. त्या वर्षी पिओनीला फुलं आली नाहीत. पुढच्या वर्षीही नाही.

त्या दिवसांत नातवामुळे जरा विरंगुळा झाला. काही काड्यांच्या टोकाला बोंडासारखा शंकू आला होता. या झाडाला फूल नाही, बी नाही, बीजाणू असतात. नातवानं शंकू कागदावर झटकला तर हिरवी पूड पडली. त्याच्याकडे वाढदिवसाला मिळालेलं सूक्ष्मदर्शक होतं. मला म्हणाला, "आजी, बघ आणि हळूच फुंकर घाल." प्रत्येक कणाला चार लांब हात होते. फुंकरीच्या ओलाव्यानं ते अंगाभोवती गुंडाळले जायचे आणि वाळले की फटकन उघडायचे. त्या उघडझापीत कण चालतो, कधी उडी मारतो. २०१३ मध्ये फ्रान्समधल्या शास्त्रज्ञांनी त्याचं चित्रीकरण करून निबंध लिहिला होता, तोही नातवानं शोधून दाखवला. मी पंधरा मिनिटं डोळा हलवला नाही. कंबर मोडून त्याच झाडाची मुळं वेचत होते आणि तरी ते आवडत होतं, हे कबूल करते.

म्हणून सगळं झाड टाकलं नाही. टब त्या कोपऱ्यात पुरला, भोक नसलेला, काठ तीन इंच वर. माती भरली, पाणी भरलं आणि वेचलेल्यातलं चांगलं एक ढेकूळ त्यात लावलं. टबाभोवती आजूबाजूला तिथल्याच मातीतली, पाणी सोसणारी दुसरी झाडं लावली, निळ्या फुलांचे आयरिस वगैरे, सगळी मवाळ स्वभावाची. आणि काय आश्चर्य, झाड टबात मजेत आहे. मुळं कुजली नाहीत, श्वास कोंडला नाही. ज्याचं मूळच दलदलीतलं, त्याला कसली भोकं हवीत? तुळशीचा नियम मी त्याला लावत होते.

ज्यांच्या बागेत असा ओला कोपरा आहे आणि ज्यांना हे लावायचं आहे, त्यांना सांगते, ऊन किंवा अर्धी सावली दोन्ही चालतं, माती सतत ओली हवी, वसंत ऋतूच्या सुरुवातीला जुन्या काळवंडलेल्या काड्या मुळाशी कापाव्यात, आणि टबाच्या काठावरून एखादा धागा बाहेर पडतोय का ते महिन्यातून एकदा बघावं. हे तिकडच्या लोकांसाठी. इथल्यांनी तिकडून काडी आणू नये. रोगकिडीच्या तपासणीचा दाखला नसेल तर झाडाचा तुकडाही आणता येत नाही, आणि यात तो नियम किती शहाणपणाचा आहे हे माझ्याइतकं कुणाला कळणार! याच घराण्यातली आपली एक बारीक जात आपल्याकडे नदी-ओढ्यांच्या ओल्या वाळूत वाढतेच.

नागपूरला परतल्यावर माझा एक जुना विद्यार्थी भेटला. तो भूगर्भशास्त्र शिकवतो. त्याला दगडाचं सांगितलं. तो म्हणाला, "बाई, कामठीच्या दगडांतली ही झाडं तर जगप्रसिद्ध आहेत." स्टीफन हिस्लॉप नावाचे मिशनरी नागपुरात होते, ज्यांच्या नावाचं कॉलेज १८८३ पासून आहे ते. त्यांनी नागपूर-कामठीच्या खडकांतले वनस्पतींचे ठसे गोळा करून इंग्लंडला पाठवले. तिथे बनबरी नावाच्या अभ्यासकानं १८६१ मध्ये त्यांवर निबंध लिहिला आणि त्यातल्या एकाला 'फायलोथेका इंडिका' नाव दिलं. उभ्या रेषा, पेरं. हॉर्सटेलचंच घराणं, पंचवीस कोटी वर्षांच्या आसपासचं. हिस्लॉप १८६३ मध्ये बुडून गेले. त्या कॉलेजवरून मी शेकडो वेळा रिक्षानं गेले आहे. इतिहासाची शिक्षिका.

विद्यार्थ्याबरोबर एकदा त्या जुन्या क्वार्टरकडे जाऊन आले. दुसरं कुटुंब राहतं, भली माणसं आहेत, चहा दिला. दाराशी आता लोखंडी कडी आहे. अंगणात, तुळशीपाशी, नळाखाली, सगळीकडे पाहिलं. दगड पुष्कळ होते. मी एकेक उचलून अंगठा फिरवला. त्या घरातली सून काही विचारावं की नाही अशा चेहऱ्यानं उभी होती.

या जून महिन्यात लेकीचा फोन आला. आजीबाई ठीक आहेत, पिओनीला तीन फुलं आली, त्यांनी एक आपल्याकडे आणून दिलं, असं सांगत होती. मग म्हणाली, "आणि आई, कुंपणापलीकडे टोमॅटोपाशी परत एक कोंब दिसला."

"काढलास?"

"काढला. फूटभर खणून."

"काळा धागा सगळा आला का?"

"नाही. तुटला."

"मग पुढच्या आठवड्यात परत बघ," मी म्हटलं. आणि मग, जरा थांबून, "तुला काय वाटतं, काय करावं?"

पलीकडे बराच वेळ काही आवाज आला नाही. मला वाटलं फोन कट झाला.